सव्वीस जुलैचा पाऊस गेला कुठे? फोर्ट्रान आणि बायनरी फायलींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की एका मशीनवर नीट वाचली जाणारी फाईल दुसऱ्या मशीनवर कचरा दाखवत असेल तर मला कळवा, आणि कळवलं की लोकांनी. ठाणे-नवी मुंबईत फोर्ट्रानवाले, म्हणजे आकडेमोडीच्या या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे, अजून इतके आहेत हे मलाच माहीत नव्हतं. कमांड आणि कीवर्ड देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत करा, एवढं समजून घ्यालच.

प्रश्न: काका नमस्कार, मी एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय, ठाणे जिल्ह्यातला पाऊस. पुण्याच्या हवामान विभागाची रोजच्या पावसाची पाव अंशाची ग्रिड फाईल घेतली, मुद्दाम २००५ सालची, कारण सव्वीस जुलै त्यात असणार. घरच्या लॅपटॉपवर जीफोर्ट्रान या कंपायलरने सगळं बरोबर येतं. तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, इन्स्टिट्यूटच्या क्लस्टरवर इंटेलच्या कंपायलरने चालवला तर ठाण्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात धो धो पाऊस, एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत शून्य, आणि सव्वीस जुलै कुठेच नाही. गाईड म्हणाले डेटा खराब असेल. डेटा खराब आहे का?
(कोपरखैरणे)

उत्तर: डेटा एकदम ठणठणीत आहे गं, उलट तुझ्या फेब्रुवारीतच सगळा पुरावा आहे. आपण आधी प्रोग्रॅमकडे बघायचंच नाही, फाईलचं वजन करायचं. त्या ग्रिडमध्ये पूर्व-पश्चिम १३५ बिंदू आणि दक्षिण-उत्तर १२९, म्हणजे १७,४१५ आकडे, प्रत्येक चार बाइटचा रिअल, झाले ६९,६६० बाइट एका दिवसाचे. २००५ लीप वर्ष नाही, ३६५ ने गुण, २,५४,२५,९०० येतं. तुझ्या फाईलची साईज बाइटमध्ये बघ, हाच आकडा असेल तर फाईलमध्ये मध्ये कुठे काही घुसलेलं नाही, काही कमी नाही, दिवसामागून दिवस सरळ रचलेले आहेत.

आता तू ओपनमध्ये, म्हणजे फाईल उघडण्याच्या ओळीत, अ‍ॅक्सेस डायरेक्ट आणि रेकएल, म्हणजे एका रेकॉर्डची, इथे एका दिवसाची, लांबी, १३५ गुणिले १२९ गुणिले ४ असं लिहिलंयस, बरोबर ना? जीफोर्ट्रान हा आकडा बाइटमध्ये समजतो. इंटेल, तू काही सांगितलं नाहीस तर, चार-चार बाइटच्या शब्दांत समजतो. म्हणजे तुझं एक रेकॉर्ड त्याच्या लेखी २,७८,६४० बाइटचं, बरोबर चार दिवसांचं. पहिलं रेकॉर्ड एक जानेवारी, ते बरोबरच येणार, म्हणून तर संशय येत नाही. दुसरं रेकॉर्ड मागितलंस की तो पाच जानेवारी देतो, तिसऱ्याला नऊ जानेवारी. थोडक्यात तुझा न वा दिवस म्हणजे खरा ४न वजा ३ वा दिवस. करून बघ, तुझा १० फेब्रुवारी म्हणजे ४१ वं रेकॉर्ड, चार गुणिले एक्केचाळीस म्हणजे १६४, वजा ३, १६१ वा दिवस, तो आहे १० जून. तुझा १५ ते २३ फेब्रुवारी म्हणजे ३० जून ते १ ऑगस्ट. म्हणजे अख्खा जुलै महिना तू नऊ दिवसांत उरकलास, पाऊस पडणारच.

आणि सव्वीस जुलै? सांताक्रूझचा तो ९४४ मिलीमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा, म्हणून फाईलमध्ये तो पाऊस २०७ किंवा २०८ व्या दिवशी शोधायचा. तुझं ५२ वं रेकॉर्ड आहे २०५ वा दिवस आणि ५३ वं आहे २०९ वा. तुझ्या प्रोग्रॅमने बरोबर त्या तीन दिवसांवरून उडी मारली. मी त्या रात्री ठाणे स्टेशनच्या पुलावर होतो, मला तरी ती उडी मारता आली नव्हती.

एप्रिलपासून शून्य का, तर ९२ रेकॉर्डमध्ये वर्ष संपलं, ९२ वा दिवस म्हणजे २ एप्रिल. त्याच्यापुढे इंटेलने ओरडायला हवं होतं की असं रेकॉर्डच नाही, आणि तो ओरडलाही असणार, छत्तीस नंबरची एरर. पण तुझ्या प्रोग्रॅममध्ये रीडला आयओस्टॅट, म्हणजे एररचा नंबर पकडून ठेवणारा व्हेरिएबल, लावून एरर आली की लूपच्या बाहेर असं केलंयस का बघ. मला खात्री आहे केलंयस, सगळेच करतात, आणि आधी अ‍ॅरे शून्य केलेला असतो म्हणून उरलेलं वर्ष कोरडं दिसतं. आयओस्टॅट टाकायचा तर त्याचा आकडा छाप तरी, नाहीतर तो टाकूच नको, प्रोग्रॅम पडला तर पडू दे, पडलेला प्रोग्रॅम खोटं बोलत नाही.

हा इंटेलचा खोडसाळपणा नाही, वारसा आहे. तो कंपायलर डेक या जुन्या कॉम्प्युटर कंपनीकडून कॉम्पॅककडे आणि तिथून इंटेलकडे आला, आणि डेकच्या व्हॅक्स मशीनवर अनफॉरमॅटेड (म्हणजे बायनरी) फाईलचं रेकएल असंच चार बाइटच्या शब्दांत मोजायचे. फोर्ट्रानच्या स्टँडर्डनेही १९९५ पर्यंत हे कंपायलरवर सोडलं होतं, २००३ च्या स्टँडर्डमध्ये आठ बिटचं एकक घ्यावं अशी नुसती शिफारस आली. इंटेलने जुन्या लोकांचे प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून डिफॉल्ट तसाच ठेवला.

उपाय तीन आहेत. इंटेलला कंपाईल करताना अझ्यूम बाइटरेकएल हा ऑप्शन द्यायचा, झालं काम, पण पुढच्या वर्षी तुझा ज्युनिअर तो ऑप्शन विसरणार. दुसरा, रेकएल हाताने लिहायचंच नाही, इन्क्वायर आयओलेंथ वापरून कंपायलरलाच विचारायचं की हा अ‍ॅरे तुझ्या मापात केवढा, तो जे सांगेल ते रेकएलला द्यायचं. हा मला सगळ्यात आवडतो कारण दोन्हीकडे आपोआप बरोबर येतो. तिसरा, अ‍ॅक्सेस स्ट्रीम, २००३ पासून स्टँडर्डमध्ये आहे, तिथे रेकॉर्डची भानगडच नाही, पॉस मध्ये, म्हणजे कितव्या बाइटपासून वाचायचं त्यात, दिवस वजा एक गुणिले ६९,६६० अधिक एक. मात्र स्ट्रीम घेतलास आणि १९०१ पासूनची सगळी वर्षं एकाच फाईलमध्ये जोडलीस तर हा पॉस साध्या चार बाइटच्या इंटिजरमध्ये ठेवू नकोस, १९८५ च्या मे अखेरीस तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जातो आणि उणे होतो. आठ बाइटचा इंटिजर घे.

रेकएल नुसतं १७,४१५ लिहून टाक असं कुणी सांगेल, इंटेलवर ते चालेलही, पण घरी जीफोर्ट्रानवर रेकॉर्ड लहान आणि अ‍ॅरे मोठा म्हणून लगेच एरर. ती एरर एका अर्थाने बरी, निदान फेब्रुवारीत पाऊस तरी पडत नाही.

दुरुस्त केल्यावर तपासायला ठाण्याच्या जवळचा बिंदू घे, रेखांश ७३.० आणि अक्षांश १९.२५. ग्रिड ६६.५ पूर्व आणि ६.५ उत्तरपासून सुरू होते, म्हणजे पहिला इंडेक्स २७, दुसरा ५२. वाशीकडचा हवा तर २७ आणि ५१. तिथे २०७-२०८ ला भला मोठा आकडा दिसला की समज सगळं जाग्यावर आलं. उणे ९९९ दिसला तर तो पाऊस नाही, डेटा नाही असं सांगणारा आकडा आहे, सरासरी काढण्याआधी बाजूला काढ.

प्रश्न: साहेब, मी निवृत्त इंजिनिअर. नोकरीत असताना आमच्याकडे सन स्पार्क वर्कस्टेशन होती, त्यावर घेतलेल्या कंपनाच्या मोजमापांच्या फायली मी सीडीवर ठेवल्या होत्या. आता नातवाच्या लिनक्स लॅपटॉपवर जीफोर्ट्रानने वाचायला गेलो तर म्हणतो फाईलची रचना बिघडली आहे. प्रत्येक रेकॉर्डमध्ये दहा डबल प्रिसिजन आकडे आहेत एवढं नक्की आठवतं. फाईल ४,४१,१४४ बाइट. सीडी खराब झाली असेल का?
(घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: साईज बाइटमध्ये दिलीत, अर्धं काम तुम्हीच केलंत. दहा डबल म्हणजे ८० बाइट. ४,४१,१४४ ला ८० ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही. ८८ ने भागा, बरोबर ५,०१३ येतात. म्हणजे प्रत्येक रेकॉर्डला आठ बाइट जास्त आहेत, आणि हेच अपेक्षित आहे, कारण साध्या सिक्वेन्शिअल अनफॉरमॅटेड फाईलमध्ये कंपायलर प्रत्येक रेकॉर्डच्या पुढे चार आणि मागे चार बाइटचा मार्कर घालतो, आत किती बाइट आहेत हे सांगणारा. स्टँडर्डमध्ये कुठेही असं लिहिलेलं नाही, पण युनिक्सकडच्या बहुतेक कंपायलरनी तेच धरलं. तेव्हा सीडी चांगली आहे, भागाकार बाकी न ठेवता सुटला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

अडचण आहे बाइटच्या क्रमाची. आपण मराठीत पंचवीस म्हणतो, आधी पाच मग वीस, आणि लिहिताना आधी दोन मग पाच. बोलताना लहान आकडा पुढे, लिहिताना मोठा पुढे, आणि लहानपणी पाढे म्हणताना आपला सगळ्यांचा याच्यात गोंधळ झालेला आहे. स्पार्क मोठा बाइट आधी ठेवतो, तुमच्या नातवाचा लॅपटॉप लहान बाइट आधी. फाईलचे पहिले चार बाइट ओडी या कमांडने, जी फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवते, दशमान आकड्यांत बघा, शून्य शून्य शून्य ८० दिसतील. लॅपटॉप ते उलट्या बाजूने वाचतो आणि त्याला १,३४,२१,७७,२८० दिसतात. साडेचार लाखाच्या फाईलमध्ये एकशे चौतीस कोटीचं रेकॉर्ड, मग तो रचना बिघडली म्हणणारच, त्याची काय चूक.

ओपनमध्ये कन्व्हर्ट इक्वल टू बिग-एन्डियन असं लिहा. हे स्टँडर्ड नाही पण जीफोर्ट्रान आणि इंटेल दोघांनाही कळतं, मार्कर आणि आतले आकडे दोन्ही उलटवून देतं. सोर्सला हात लावायचा नसेल तर जीफोर्ट्रान-कन्व्हर्ट-युनिट या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, सगळे शब्द अंडरस्कोरने जोडलेले आणि कॅपिटलमध्ये, त्यात बिग-एन्डियन देता येतं, एखाद्याच युनिटलाही लावता येतं. सगळ्या प्रोग्रॅमला एकदम लावू नका मात्र, नाहीतर तुम्ही त्याच प्रोग्रॅममधून लिहिलेली नवी फाईलही उलटी होईल आणि पुढच्या वेळी तीच वाचताना पुन्हा मला पत्र.

एक सावधगिरी. जुन्या सवयीने तुम्ही ठिकाणाचं नाव डबल प्रिसिजनच्या एखाद्या खान्यात कोंबलं असेल, आठ अक्षरं आठ बाइटमध्ये, तेव्हा सगळे करायचे, तर कन्व्हर्ट त्याला आकडाच समजणार आणि आठही अक्षरं उलटी करणार, ठाण्याचं इंग्रजी स्पेलिंग ई पासून सुरू झालेलं दिसेल. आकडे बरोबर असताना फक्त नाव उलटं आलं तर घाबरू नका, नाव सुलटं करा आणि पुढे चला.

मार्करवरून आठवलं. २००६ च्या सुमारास आमच्याकडे पहिलं ६४ बिटचं मशीन आलं आणि त्यावर तेव्हाचा जीफोर्ट्रान टाकला, आणि जुनी एकही फाईल उघडेना. क्रम बरोबर, साईज बरोबर, सीडी नाही की टेप नाही, बाजूच्या मशीनवरून नेटवर्कने आणलेली फाईल. दोन दिवस मी डिस्कला शिव्या घातल्या. शेवटी संध्याकाळी ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याहून ठाण्याला येताना दोन्ही मशीनवर लिहिलेल्या त्याच फाईलच्या साईज कागदावर लिहून वजाबाकी केली, घणसोली येईपर्यंत कळलं की नवीन मशीन प्रत्येक रेकॉर्डला आठ बाइट जास्त घालतंय. म्हणजे मार्कर चारऐवजी आठ-आठ बाइटचे. पुढे ४.२ पासून त्यांनी परत चार केले आणि जुन्यांसाठी रेकॉर्ड-मार्कर ८ असा ऑप्शन ठेवला, तो आजही आहे. तुमच्याकडे त्या दोन-तीन वर्षांतली कुणाची फाईल असेल आणि भागाकार जमत नसेल तर रेकॉर्डमागे १६ जास्त धरून बघा.

प्रश्न: सर, मी ऐरोलीला आयटीत आहे. क्लायंटचा नव्वदच्या दशकातला विंडोजवरचा फोर्ट्रान प्रोग्रॅम लिनक्सवर न्यायचाय. एका रेकॉर्डमध्ये ५० सिंगल प्रिसिजन आकडे, २०० बाइट, आणि अशी १,००० रेकॉर्ड असं डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय. फाईल २,०४,००२ बाइट आहे. तुमचा पुढे चार मागे चारचा हिशोब लावला तर जमत नाही, क्रम उलटवून पण बघितला.
(ऐरोली)

उत्तर: शेवटचे ते दोन बाइट बघूनच मला हसू आलं, जुना मित्र भेटल्यासारखं. पहिला बाइट बघ, ७५ असणार, म्हणजे कॅपिटल के. शेवटचा १३०. ही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फोर्ट्रान कंपायलरची पद्धत, मार्कर चार बाइटचा नाही, एकच बाइटचा. आणि एका बाइटमध्ये मोठी लांबी मावत नाही म्हणून रेकॉर्डचे १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या पुढे एक बाइट आणि मागे एक बाइट. मार्करमध्ये १२९ दिसलं तर अर्थ असा की इथे पूर्ण १२८ आहेत आणि अजून पुढे चालू आहे. तुझे २०० म्हणजे १२८ आणि ७२. पहिला तुकडा १३० बाइटचा, दुसरा ७४ चा, मिळून २०४. हजार रेकॉर्डचे २,०४,००० आणि फाईलच्या सुरुवातीचा एक, शेवटचा एक. तुझं डॉक्युमेंट खरं बोलतंय, आयटीत हे क्वचित बघायला मिळतं.

विंडोजवर इंटेल असेल तर एफपीएसकॉम्प आयओफॉरमॅट या ऑप्शनने ही फाईल सरळ वाचता येते, तिथे एकदा वाचून नवीन साध्या स्वरूपात लिहून काढ आणि मोकळा हो. लिनक्सवरच करायचं तर स्ट्रीमने उघड, पहिला बाइट सोड, मग प्रत्येक रेकॉर्डला एक सोड, १२८ घे, दोन सोड, ७२ घे, एक सोड. दहा ओळींचं काम आहे. फक्त एक आकडा तुकड्याच्या सीमेवर कापला जात नाही ना बघ. इथे १२८ ला चाराने भाग जातो म्हणून कापला जाणार नाही, पण मधे एखादा एक किंवा दोन बाइटचा व्हेरिएबल असेल तर कापला जाऊ शकतो, म्हणून आधी २०० बाइट एका बाइट अ‍ॅरेमध्ये जोडून घे आणि मग ट्रान्सफरने, म्हणजे तेच बाइट आकडे म्हणून वाचून, आकडे काढ.

प्रश्न: फाईल एफटीपीने आणली आणि मूळपेक्षा थोडी मोठी झाली. कसं काय?
(कळवा)

उत्तर: टेक्स्ट मोडमध्ये आणलीत. वाटेत प्रत्येक १० या बाइटच्या आधी एक १३ घातला गेला, कारण त्याला वाटलं ही ओळ संपली. फाईल साधारण ०.४ टक्के वाढली असेल तर नक्की हेच, आकड्यांच्या गर्दीत २५६ मध्ये एखादा बाइट १० असतोच. वाढली असेल तर एकवेळ परत काढता येईल, पण कशाला, बायनरी मोड लावा आणि पुन्हा आणा. उलट दिशेने आणून फाईल कमी झाली असेल तर गेलेले १३ कुठे होते ते कुणालाच सांगता येत नाही, तिथे पुन्हा आणण्याशिवाय मार्गच नाही.

प्रश्न: आमच्या मॉडेलचा एक अ‍ॅरे ८०० गुणिले १,००० गुणिले १,००० सिंगल प्रिसिजनचा, एकाच राईटमध्ये लिहिलाय, जीफोर्ट्रानने. फोर्ट्रानने परत वाचला की नीट. माझ्या मित्राने पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने वाचला तर पहिला मार्करच उणे २,१४,७४,८३,६३९. उणे लांबीचं रेकॉर्ड असतं का?
(नेरूळ)

उत्तर: असतं, आणि ते मुद्दाम उणे असतं. तुमचा अ‍ॅरे ३,२०,००,००,००० बाइटचा. चार बाइटच्या चिन्हासहित मार्करमध्ये एवढा मावत नाही, म्हणून जीफोर्ट्रान मोठ्या रेकॉर्डचे पोट-रेकॉर्ड करतो, एक जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६३९ बाइटचं, म्हणजे कमाल आकड्यातून दोन मार्करचे आठ बाइट वजा. पोट-रेकॉर्डच्या सुरुवातीच्या मार्करला उणे चिन्ह म्हणजे अजून येतंय, शेवटच्या मार्करला उणे चिन्ह म्हणजे याच्या आधी काही होतं. तुमच्या फाईलमध्ये क्रमाने चार मार्कर सापडतील, उणे २,१४,७४,८३,६३९, मग तोच अधिक, मग १,०५,२५,१६,३६१ आणि शेवटी तो उणे. फाईल ३,२०,००,००,०१६ बाइट असणार, बघून सांगा. मित्राला म्हणावं चिन्ह फेकू नको, चिन्हातच निरोप आहे. आणि दुसऱ्या भाषेत वाचायचंच आहे हे आधी माहीत असेल तर पुढच्या वेळी स्ट्रीमने लिहा, मार्करच नकोत.

प्रश्न: इंटेलने लिहिलेली फाईल जीफोर्ट्रानने वाचतोय. भागाकार, क्रम, मार्कर, सगळं जमतं, आकडे पण बरोबर. पण त्यातला एक लॉजिकल अ‍ॅरे आहे, समुद्र की जमीन सांगणारा, तो काही ठिकाणी ट्रू येतो आणि त्याचा नॉट केला तरी ट्रूच. मी वेडा झालोय की कंपायलर?
(वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: दोघंही शहाणे आहात. इथे माझा लाडका भागाकार हरतो, कारण साईजमध्ये एका बाइटचाही फरक नाही. इंटेल डिफॉल्टमध्ये ट्रू म्हणजे उणे एक लिहितो, चारही बाइट २५५, आणि वाचताना फक्त शेवटचा बिट बघतो, सम की विषम. जीफोर्ट्रानचा ट्रू म्हणजे एक आणि फॉल्स म्हणजे शून्य, तिसरं काही असूच शकत नाही असं तो धरून चालतो. मग नॉट करताना तो बहुधा नुसता शेवटचा बिट उलटवतो, उणे एकचं उणे दोन होतं, आणि उणे दोन काही शून्य नाही, म्हणून तेही ट्रू. ऑप्टिमायझेशन बदललं की उत्तर पण बदलेल, त्याच्या नादी लागू नका.

तोच अ‍ॅरे इंटिजर म्हणून वाचा आणि शून्य नाही तिथे ट्रू असं स्वतः भरा. फाईल आपल्याच हातात तयार होत असेल तर लॉजिकल बायनरीमध्ये लिहायचाच नाही, शून्य-एकचा इंटिजर लिहायचा. हाच नियम मी दहा बाइटच्या रिअललाही लावतो, कारण तो ३२ बिटच्या लिनक्सवर १२ बाइटची जागा घेतो आणि ६४ बिटवर १६, आणि सोळा बाइटच्या रिअलला तर नक्कीच लावतो, पॉवरपीसीवर तो दोन डबल जोडून केलेला असू शकतो आणि तुमच्या लॅपटॉपवर वेगळाच, साईज तीच, आत दुसरं. काइंड, म्हणजे आकड्याचा प्रकार ठरवणारा नंबर, इक्वल टू ८ लिहिलं की आठ बाइट मिळतात ही समजूतही घरी ठेवा, नॅग या कंपनीच्या कंपायलरवर डिफॉल्टमध्ये काइंड एक, दोन, तीन असे जातात, तिथे आठ म्हटलं की तो कंपाईलच करत नाही.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नका, मागच्या महिन्यात असे चार आले आणि एकात तर फक्त ट्यूबलाईटचं प्रतिबिंब होतं. मला हवंय ते एवढंच, फाईलची साईज बाइटमध्ये (केबी-एमबी नको, त्यात बाकी गोल होऊन जाते), ओडीने काढलेले पहिले बत्तीस आणि शेवटचे आठ बाइट, एका रेकॉर्डमध्ये काय असावं असं तुम्हाला वाटतं ते, आणि फाईल लिहिली कुठल्या कंपायलरने आणि वाचताय कुठल्याने. कोपरखैरणेच्या मुलीने मात्र २०७ आणि २०८ ला काय आकडा आला तो वेगळा कळवायचा आहे, वाट बघतोय.